चालत्या गाडीची हद्द

कोरेगावच्या रेल्वे स्टेशनावर मिरजेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला आज रुळांखेरीज दुसरी कोणतीही रेषा दिसत नाही. परंतु ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी हाच माणूस स्टेशनातून बाहेर पडून कोणत्याही दिशेला काही कोस चालता, तर दिवस मावळण्यापूर्वी त्याच्या पायांखालचे राज्य बदललेले असते. 1848 साली सातारचे राज्य खालसा झाले आणि कोरेगाव तालुका इंग्रजी अंमलाखाली गेला हे खरे. पण त्याच तालुक्याच्या कुशीत किन्हई हे औंधकर पंतप्रतिनिधींचे मूळ गाव, पूर्वेला खटाव तालुक्यात प्रत्यक्ष औंध, उत्तरेला निंबाळकरांचे फलटण, आणि दक्षिणेकडे उतरत जावे तसतसे पुन्हा औंधाचेच कुंडल, मग पटवर्धनांची सांगली आणि मिरज, आणि त्यांच्याही पलीकडे डफळ्यांचे जत, असा हा मुलूख म्हणजे ठिगळाठिगळांची वाकळच होती. खालसातला फौजदार संस्थानी शिवेपाशी आला की त्याचा अंमल संपे, आणि संस्थानातल्या शिपायाने खालसात पाऊल टाकले की तो साधा वाटसरू होई. ज्याला पळायचे असे त्याला ही शीव ठाऊक असे; ज्याला पकडायचे असे त्याला मात्र आधी पत्र लिहावे लागे, पत्राचे उत्तर यावे लागे, आणि तोवर ज्वारीचे पीक निघून रान मोकळे झालेले असे.

या सर्व ठिगळांना शिवून काढणारा एकच दोरा होता, तो म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने टाकलेला पुणे-मिरज हा अरुंद लोहमार्ग. संस्थानांतून जाणाऱ्या मुख्य लोहमार्गांच्या जमिनीवरचे दिवाणी आणि फौजदारी अधिकार इंग्रज सरकारने संस्थानिकांकडून आपल्याकडे घेतले होते, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. राजवाडा राजाचा, गाव राजाचे, गावातला पाटीलही राजाचा. पण गावाच्या कडेने जाणाऱ्या खडीवर दुसऱ्याच सत्तेचा कायदा. मुलखाच्या अंगावरून एक परकी नस जावी तशी ती पट्टी होती. आज आपण ज्याला केंद्राचे पोलीस म्हणतो आणि ज्याच्या अधिकारावरून वर्तमानपत्रांत वादंग माजतात, त्या गोष्टीचे आपल्या भागातले पहिले दर्शन मला या खडीवर होते, आणि आज तिचे रोजचे रूप पाहायचे असेल तर मिरज जंक्शनच्या फलाटावर जावे असे मला वाटते.

मिरजेची गोष्ट अशी की हे शहर एका जिल्ह्याचे असूनही दोन राज्यांचे आहे. जिल्हाही तसा नवाच: 1949 साली दक्षिण सातारा या नावाने तो वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पुण्याहून आलेली गाडी येथवर मध्य रेल्वेची. येथून ती बेळगावकडे वळली की दक्षिण-पश्चिम रेल्वेची, आणि थोड्याच वेळात शेडबाळ, उगार, कुडची ही स्टेशने कर्नाटकात. कोल्हापूर आणि पंढरपूर या दोन्ही बाजूंचे फाटेही येथेच मिळतात. अशा ठिकाणी फलाटावर दोन प्रकारचे खाकी गणवेशधारी दिसतात आणि प्रवाशाला त्यांच्यातला भेद कळत नाही. एक आहे तो लोहमार्ग पोलीस, ज्याला आपण जीआरपी म्हणतो. तो महाराष्ट्र सरकारचा, चोरी-मारामारीची फिर्याद लिहून घेण्याचा अधिकार त्याचा. दुसरा आहे तो रेल्वे सुरक्षा बलाचा, म्हणजे आरपीएफचा. तो केंद्र सरकारचा, आणि 1985 पासून कायद्याच्या भाषेत तो संघराज्याच्या सशस्त्र दलाचा घटक आहे. पहिल्याची हद्द राज्याच्या सीमेपाशी संपते, दुसऱ्याची संपत नाही. पण अधिकार मोजायला बसले तर उलट: ज्याची हद्द लांब त्याचे अधिकार आखूड, आणि ज्याची हद्द आखूड त्याचे अधिकार लांब. ही रचना कोणा बेसावध मसुदाकाराची चूक आहे असे सामान्यतः समजले जाते. मला ती चूक वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे; तथापि त्या रचनेपायी माणसाची जी परवड होते ती मी जवळून पाहिलेली असल्यामुळे आधी तीच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या एका आत्याबाईंना घेऊन मी दूरच्या प्रवासाला निघालो होतो. मार्ग कोणता आणि स्टेशन कोणते याला महत्त्व नाही. रात्री कधीतरी त्यांच्या उशाची पिशवी गेली. पिशवीत दोन लुगडी, देवाची एक लहानशी तसबीर आणि एक पितळी डबा; डब्यात काय होते ते त्यांनी अखेरपर्यंत कोणाला सांगितले नाही. सकाळी गाडी एका मोठ्या स्टेशनात शिरली तेव्हा समोर दिसलेल्या पहिल्या खाकी माणसाला मी हाक मारली. त्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि हे काम आपले नव्हे, फलाटाच्या टोकाला ठाणे आहे तेथे जा, असे सांगितले. ठाण्यात एक वयस्क हवालदार कार्बनकागद लावून वहीत काही लिहीत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "गाडी कुठं असताना गेली?"

"झोपेत गेली, बाबा," आत्याबाई म्हणाल्या.

"तसं न्हवं मावशी. कुठल्या टेशनाच्या पुढं, कुठल्याच्या अलीकडं? आमच्या हद्दीत असंल तर आम्ही घेऊ. न्हाईतर मागल्या ठाण्याला जावं लागंल."

आत्याबाई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण आयुष्यभर शेताच्या बांधावरून भांडलेल्या असल्यामुळे हद्द म्हणजे काय हे त्यांना त्या हवालदारापेक्षा कमी कळत नव्हते. त्या म्हणाल्या, "चालत्या गाडीला हद्द असती व्हय?"

हवालदारांनी पेन्सिल खाली ठेवली. मला आठवते त्याप्रमाणे ते हसले, आणि त्या हसण्यात उपहास नव्हता. हा प्रश्न आपल्यालाही पडतो पण विचारायचा कोणाला, अशा थकलेल्या माणसाचे ते हसणे होते. फिर्याद अखेर तेथे लिहिली गेली नाही.

आता गमतीची गोष्ट ही की आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने फार पूर्वी दिलेले होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 183 वे कलम असे सांगत होते की प्रवासात घडलेल्या अपराधाची चौकशी, तो माणूस अथवा ती वस्तू ज्या ज्या हद्दीतून गेली अशा कोणत्याही हद्दीतले न्यायालय करू शकते. म्हणजे न्यायालयाच्या दृष्टीने चालत्या गाडीला हद्द नव्हती. ती होती फक्त वहीच्या दृष्टीने. आणि 1 जुलै 2024 पासून जी नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे तिने तर अपराध कोठेही घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येईल असे स्पष्ट शब्दांत लिहून टाकले आहे. बोलीभाषेत तिला शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात. कायदा एवढा उदार असताना माणूस फलाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे का फिरतो? अधिकार अपुरे आहेत म्हणून फिरतो असे ज्यांना वाटते ते म्हणतात की आरपीएफलाच फिर्याद नोंदवण्याचे आणि तपासाचे पूर्ण अधिकार देऊन टाका, म्हणजे दोन खाकींचा घोळ मिटेल. ही मागणी आजची नाही; ती वेळोवेळी पुढे आली आणि राज्यांच्या विरोधामुळे मागे पडली. राज्यांचा विरोध पुष्कळदा केवळ मानापमानाचा असतो हे मान्य करूनही मला ती मागणी चुकीची वाटते, कारण रोग अधिकारांच्या अभावाचा नसून हवाली करण्याच्या रीतीच्या अभावाचा आहे. आणि ही रीत आपल्याला परदेशातून आणायची नाही. ती आपल्याच गावकुसाबाहेर पडलेली आहे.

1818 नंतर पेशव्यांचा मुलूख ताब्यात आल्यावर एल्फिन्स्टनने दख्खनच्या गावगाड्याचे जे वर्णन केले त्यात गावच्या राखणदाराच्या कामाविषयीचा मजकूर फार मननीय आहे. आपल्याकडे हे काम रामोशांकडे असे. गावात चोरी झाली की ती उघडकीला आणण्याची जबाबदारी रामोशाची. त्याने चोराचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत गेला आणि त्या गावच्या राखणदाराची तशी खात्री पटवून देता आली, तर पहिल्याची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याची सुरू होई. मग त्याने तो माग पुढे न्यायचा. ही व्यवस्था ज्याने घडवली तो कोणी विधिज्ञ नव्हता, पण सीमा ओलांडणाऱ्या अपराधाचा सर्व प्रश्न तिच्यात सुटलेला आहे. माझे आजोबा त्यांच्या लहानपणची एक हकीकत सांगत. आमच्या वस्तीवरचा एक खोंड रात्रीतून गेला. रामोशी नाईक सकाळी आला. त्याने गोठ्याच्या तोंडाशी मातीत उमटलेले माणसाचे पाऊल पाहिले, त्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून एक पाटी पालथी घातली, आणि जोंधळ्याच्या धाटाची एक काडी त्या पावलाच्या लांबीएवढी मोडून घेतली. पाटी उचलून तो काडी लावी, पुन्हा झाकी, पुन्हा लावी; टाच, चवडा, अंगठ्याचा बाक. मग काडी हातात धरून तो निघाला आणि त्याच्यामागून आमचे पणजोबा आणि दोन-चार पोरे. ओढ्याच्या पाण्यात माग बुडाला तो पलीकडच्या वाळूत पुन्हा सापडला. शिवेवरच्या दगडापाशी तो थांबला आणि पलीकडच्या गावच्या नाइकाला बोलावणे गेले. तो येईपर्यंत आमच्यातल्या कोणी दगडाच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. तो आला, वाकून पाहिले, काडी लावून पाहिली, पुन्हा एकदा लावून पाहिली, आणि काडी स्वतःच्या मुंडाशात खोचून पुढे चालू लागला. त्यानंतर आमचा नाईक खाली बसला आणि त्याने तंबाखू काढली.

आजोबांना या हकीकतीत खोंड सापडला की नाही याचे महत्त्व वाटे. मला त्या तंबाखूचे वाटते. माग शिवेपर्यंत नेला म्हणून तो बसला नाही, पलीकडच्याने काडी घेतली म्हणून बसला. आपल्या आजच्या खात्यांची समजूत अशी आहे की हद्द संपली की जबाबदारी संपली. जुन्या रीतीप्रमाणे हद्द संपल्यावर जबाबदारी संपत नसे. ती संपे पुढल्याने पत्करल्यावर. एका स्टेशनावर आत्याबाईंची जी विटंबना झाली ती त्या मधल्या अंतरात झाली. ज्या समाजाने ही रीत सांभाळली त्याच समाजावर पुढे सरकारने गुन्हेगार जमात असा शिक्का मारून हजेरी लावली, आणि राखणदारालाच रोज चावडीवर येऊन आपण पळालो नाही हे सिद्ध करावे लागू लागले, हा आपल्या इतिहासातला एक काळाकुट्ट विनोद आहे. तो गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला. शिक्का किती पुसला गेला हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

इंग्रजांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळ्या जातीचे होते. त्यांना शिवेवर थांबायचे नव्हते. 1835 साली स्लीमन हा ठगीच्या बंदोबस्ताचा मुख्य अधिकारी झाला आणि 1836 च्या तिसाव्या कायद्याने असे ठरवले की कंपनीच्या मुलखात असो की मुलखाबाहेर असो, ठगांच्या टोळीत सामील होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. अमुक खून केला, अमुक दिवशी केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. आणि ठग म्हणजे कोण याची व्याख्या त्या कायद्यात नव्हतीच. माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर शेकडो माणसे पकडली गेली. वाटमारी कमी झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या खात्याला कोणत्याही गावची शीव थांबवू शकत नव्हती त्याला कोणत्याही गावचा पाटील जाबही विचारू शकत नव्हता, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे. ते खाते 1904 साली मोडले आणि त्याच्या जागी मध्यवर्ती गुन्हे-वार्ता खाते उभे राहिले. नाव बदलले, हेतू बदलला, पण दूरवरून पाहणारा आणि जवळून न दिसणारा डोळा तोच राहिला. रामोशाच्या काडीची पद्धत आणि स्लीमनची पद्धत यांतला फरक मला पुढच्या सर्व वादांत दिसत राहतो. पहिली शिवेवर थांबते आणि माणूस बोलावते. दुसरी शीवच पुसते.

1939 हे साल या दृष्टीने आमच्या भागातल्या माणसाला विशेष विचार करायला लावणारे आहे. त्या वर्षी जानेवारीत औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रीडमन यांचे साहाय्य तिच्यामागे होते, आणि आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात भिंतीवाचून कैदी ठेवण्याचा जो प्रयोग त्याच राज्याने केला त्यावरून पुढे 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला हे सर्वांना माहीत आहे. त्याच 1939 च्या जुलैत, 27 तारखेला, मध्य हिंदुस्थानात नीमच येथे एक नवे पोलीस दल उभे राहिले: क्राउन रिप्रेझेंटेटिव्हज पोलीस. संस्थानांतील प्रजा परिषदांच्या चळवळींना तोंड देण्यासाठी राजांच्या हाताशी असावे म्हणून ते होते. एक संस्थान तुरुंगाच्या भिंती पाडत असताना सार्वभौम सत्ता इतर संस्थानांसाठी शिपाई भरती करत होती. हेच दल 1949 साली डिसेंबरच्या 28 तारखेला झालेल्या कायद्याने केंद्रीय राखीव पोलीस दल झाले, आणि 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे त्याच्या दहा जवानांनी प्राण दिले तेव्हापासून 21 ऑक्टोबर हा दिवस देशभर पोलीस हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. दलाचा जन्म कशासाठी झाला यावरून त्याचे पुढले चरित्र ठरत नाही, हे या उदाहरणाने मला शिकवले. आणि म्हणूनच केंद्राचे पोलीस म्हटले की दडपशाही असे सरसकट म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही.

पण शिवेच्या उपयोगाची दुसरी बाजूही याच मुलखाने पाहिली. 1942 च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार झाल्यानंतर जे भूमिगत झाले आणि ज्यांनी पुढे प्रतिसरकार चालवले, त्यांना कुंडल हे औंध संस्थानातले गाव आसऱ्याचे ठरले. इंग्रजी पोलिसांना संस्थानी शीव ओलांडण्यासाठी जी पत्रापत्री करावी लागे, तिच्या अवकाशात एक चळवळ श्वास घेऊ शकली. आणि जून 1943 मध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ अडवली ती रेल्वेच्या पगाराची गाडी, म्हणजे त्या परक्या नसेवरच घाव घातला. हद्दीमुळे चोरही सुटतो आणि देशभक्तही सुटतो. हद्द पुसणाऱ्याला या दोघांतला भेद करता येईल याची हमी कोण देणार?

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांपुढे हे सर्व होते. सातव्या परिशिष्टात राज्यांच्या यादीची दुसरी नोंद वाचून पाहावी: तेथे पोलीस हा विषय राज्यांना दिला आहे, आणि कंसात "रेल्वे व ग्राम पोलीस यांसह" असे म्हटले आहे. मला ही नोंद नेहमी चकित करते. रेल्वे आणि गाव! एक देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी, दुसरे जागचे न हलणारे. आणि तरीही दोहोंचे पोलीस एकाच कंसात, एकाच मालकाच्या हाती. रेल्वे केंद्राची असूनही तिच्यावरचा पोलीस राज्याचा ठेवण्यात घटनाकारांना हे ठाऊक होते की गाडी जरी चालती असली तरी चोर उतरतो तो कोणत्या तरी गावात, आणि गाव ज्याला कळते तोच त्याला शोधतो. आरपीएफ हे त्या कंसाच्या बाहेर उभे राहिलेले दल आहे. रेल्वेच्या पूर्वीच्या वॉच अँड वॉर्ड या राखण खात्याला 1957 च्या कायद्याने ते रूप आले, आणि त्याचे मूळ काम रेल्वेची मालमत्ता राखणे एवढेच: तांब्याची तार, वाघिणीतला माल, रुळाच्या चाव्या. प्रवाशांच्या सुरक्षिततेचे काम त्याच्याकडे 2003 च्या दुरुस्तीनंतर आले. त्या कायद्याचे चौदावे कलम सांगते की या दलाने कोणास अटक केली तर विनाविलंब त्याला पोलीस अधिकाऱ्याच्या हवाली करावे, अगर जवळच्या ठाण्यात न्यावे. हीच ती काडी आहे. मात्र घेणाऱ्याने ती केव्हा आणि कशी पत्करायची याविषयी ते कलम अबोल आहे, आणि शिवेवरच्या दगडापाशी जे घडे ते घडण्याची तजवीज त्यात नाही.

या दलाचे अधिकार अल्प आहेत म्हणून ते निरुपद्रवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. 1966 च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्याखाली हे अधिकारी चौकशी करतात तेव्हा ते पोलीस अधिकारी ठरतात काय, हा प्रश्न 1980 साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने उत्तर दिले की ठरत नाहीत. परिणाम असा की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, पण या खाकीपुढे दिलेला येऊ शकतो. मिरजेच्या वा कोणत्याही फलाटावर पकडलेल्या भंगारवाल्या पोराला हा बारकावा कोण समजावून सांगणार? ज्याला आपण पोलीस समजतो तो कायद्याने पोलीस नाही, आणि नाही म्हणूनच त्याच्यापुढे बोललेला शब्द अधिक धोक्याचा. ज्यांना या दलाला पूर्ण अधिकार द्यायचे आहेत त्यांनी आधी पूर्ण बंधने देण्याची भाषा करावी; तेव्हा मी त्यांचे म्हणणे पुन्हा ऐकेन.

तथापि माझ्या विरुद्ध पक्षाकडे एक बाजू अशी आहे की जिच्यापुढे मला थांबावे लागते. दूरच्या पोलिसाला गाव कळत नाही हे खरे, पण गावच्या पोलिसाला गाव नको तितके कळते हेही खरे. बेळगावच्या मराठी माणसाला विचारून पाहावे. 1956 पासूनच्या सीमावादात तेथला पोलीस हा एका पक्षाच्याच सरकारचा नोकर आहे. तो कितीही सरळ असला तरी त्याच्याकडे फिर्याद घेऊन जाणाऱ्याच्या मनात शंका राहणारच, आणि दुसऱ्या बाजूच्या कानडी माणसालाही महाराष्ट्रात तसेच वाटू शकते. 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि प्रकरण हातघाईवर आले, तेव्हा 14 तारखेला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून केंद्रीय गृहमंत्र्यांनी जे ठरवले त्यात दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांच्या समितीबरोबरच, कायदा व सुव्यवस्थेसाठी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती हाही एक भाग होता. त्याच महिन्यात हा सर्व वादग्रस्त भाग निकालापर्यंत केंद्रशासित करावा अशीही मागणी झाली. अशा ठिकाणी तटस्थ त्रयस्थ हवा, आणि त्रयस्थ तो दूरचाच असणार, हे मी कबूल करतो. फक्त एवढेच दाखवून देतो की तेव्हाही केंद्राने बेळगावच्या ठाण्यांत आपला फौजदार बसवला नाही. दोन नाइकांना शिवेवर बोलावले. ते कितपत आले आणि किती काळ थांबले हा वेगळा विषय.

देशाच्या खऱ्या सीमेवर गोष्ट निराळी. 1965 पर्यंत ती सीमा त्या त्या राज्यांचे पोलीस राखत. त्या वर्षी एप्रिलात कच्छच्या रणात पाकिस्तानशी जो संघर्ष झाला त्यानंतर ही रीत चालणार नाही हे उघड झाले आणि 1 डिसेंबरला सीमा सुरक्षा दल स्थापन झाले. ते उभे करणारे के. एफ. रुस्तमजी हे कामठीत जन्मलेले, म्हणजे आपल्याच नागपूर भागातले. देशाच्या टोकांवरचे एवढे मोठे दल बांधणाऱ्या या माणसाने निवृत्तीनंतर बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे कुजत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी लिहिले आणि त्यातून 1979 चा प्रसिद्ध खटला उभा राहिला, हे मला त्यांच्या चरित्रातले अधिक मोठे काम वाटते. परंतु 2021 साली याच दलाची हद्द पंजाब, बंगाल आणि आसामात सीमेपासून पन्नास किलोमीटरपर्यंत वाढवली गेली तेव्हा पंजाब आणि बंगालच्या विधानसभांनी ठराव करून विरोध केला. आणि महाराष्ट्राने 2020 च्या ऑक्टोबरात सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर 2022 मध्ये ती परत दिली. संमती ही तत्त्वाची गोष्ट. ती अशी सत्तेबरोबर खिशात जाऊ-येऊ लागली की तिचे नाणे घासून गुळगुळीत होते. या गोंधळात खेड्यातल्या माणसाला काय म्हणायचे आहे ते कोणी विचारत नाही, कारण त्याला दोन्हीकडून फिरवलेच जाते.

म्हणून मला वाटते की मिरजेसारख्या ठिकाणी दोन खाकी राहावेतच. त्यांतल्या दूरच्याने फार शहाणपण दाखवू नये आणि जवळच्याने फार आळस करू नये, अशी व्यवस्था त्यांच्या मधल्या जागेत करावी. फिर्याद ऐकणाऱ्या पहिल्या माणसाने, तो कोणत्याही रंगाच्या फितीचा असो, ती कागदावर घ्यावी; कागदावर घेणाऱ्याचे नाव आणि वेळ फिर्यादीच्या हाती द्यावी; आणि पुढच्या ठाण्याने ती पत्करल्याची सही परत येईपर्यंत तो पहिलाच माणूस त्या फिर्यादीचा धनी राहावा, मग फिर्यादी पंढरपूरला उतरो की बेळगावला. 2024 पासून अमलात आलेल्या संहितेने पहिली पायरी बांधली आहे. घर सोडून आलेली मुले फलाटावर सापडतात तेव्हा आरपीएफचे जवान त्यांना बालकल्याण समितीपर्यंत पोचवतात, आणि ते काम सरकारी पत्रकांत जितके मोठे करून सांगितले जाते त्याहून पुष्कळ मोठे आहे. मुलाच्या बाबतीत जे जमते ते पिशवीच्या बाबतीत का जमू नये, याचे उत्तर मला आजवर कोणत्याही अधिकाऱ्याने दिलेले नाही. देणारे पुष्कळ भेटले, पण ते सर्व आपापल्या हद्दीचे नकाशे दाखवत होते.

आत्याबाईंची पिशवी मिळाली नाही. पुढे त्या माझ्याबरोबर पुष्कळदा सांगली-मिरजेकडे आल्या. गाडी कोरेगाव सोडी आणि त्यांची विचारपूस सुरू होई. हे कुठलं? रहिमतपूर. हे? तारगाव. हे? मसूर. कऱ्हाड गेले, शेणोली गेली, ताकारी गेली. मला वाटे, म्हाताऱ्या माणसाचा वेळ जात नाही म्हणून विचारतात. मग एकदा किर्लोस्करवाडीला पाहिले: मी नाव सांगितल्याबरोबर त्यांनी मांडीवरच्या पिशवीवरून हात फिरवला, गाठ चाचपली, आणि ते नाव ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून ठेवले.